आभाळातली परीक्षा

गौरम्मा सहजासहजी कशाला भुलणारी बाई नव्हती. एकदा उदगीरच्या शाळेच्या मैदानावर कुण्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा अख्खी गल्ली चपला टाकून पळाली. गौरम्मा तेवढी गच्चीवर बसून राहिली आणि नवरा घरी आल्यावर म्हणाली, "माझ्या ज्वारीच्या पापड्यांत सगळी माती पडली. आता कुणाला सांगू?" तिचा नवरा बसवंतअप्पा मोंढ्यात तूर-हरभऱ्याची अडत चालवायचा. हसून हसून त्याला ठसका लागला.

म्हणूनच एकुलत्या एका पोरानं, मल्लेशनं, निलंग्याच्या मंजुश्रीशी लग्न ठरवलं आणि पोरगी लातूरला विमान चालवायला शिकवते असं सांगितलं, तेव्हाही गौरम्माच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत. पाहुणे विचारायचे, "म्हणजे सून पायलट?" तर ही म्हणायची, "ड्रायव्हर म्हणा. यस्टीवाला रस्त्यानं जातो, ही वरून जाते. एवढंच की."

मल्लेश लातूरला वीज कंपनीत नोकरीला होता. नवरा-बायको तिथंच राहायचे. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मंजुश्रीला दिवस गेले. कळलं त्याच आठवड्यात तिनं आपणहून विमानशाळेत आणि दिल्लीच्या विमान खात्यात कळवून टाकलं. तिच्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत अजून चार महिने शिल्लक होती. पण तब्येतीत असा बदल झाला की मुदत असूनही ते चालत नाही, असा नियम. उत्तर आलं, तात्पुरती अपात्र.

गौरम्माला तो शब्द झोंबला. "घरात लेकरू येऊन राहिलं, अन् हे म्हणतात अपात्र?"

"विमानापुरतं, आत्याबाई," मंजुश्री म्हणाली.

लेक झाली. दानम्मादेवीच्या नावावरून दानेश्वरी नाव ठेवलं, पण गौरम्मा तिला कानडी मायेनं पुट्टीच, म्हणजे चिमुकलीच, म्हणायची. आता सुनेचं वर जाणं संपलं, असं तिनं मनात धरून टाकलं होतं. कुणी तसं बोललं नव्हतं. तिला ते न बोलताच झाल्यासारखं वाटलं. आणि पुट्टी पाच महिन्यांची झाली तेव्हा मंजुश्रीचा फोन आला, "आत्याबाई, परवा नांदेडला याल का माझ्यासंगं? माझं मेडिकल हाय. पुट्टीला सांभाळायला कुणीतरी लागंल."

नांदेडला एक म्हातारे डॉक्टर होते. विमान चालवणाऱ्यांना तपासायची सरकारी परवानगी त्यांच्याकडं होती. गौरम्माला वाटलं, नाडी बघतील, छातीला नळी लावतील, अर्ध्या तासात मोकळं. दहाला आत गेलेली सून दोनपर्यंत बाहेर आली नाही. दार मधूनमधून उघडायचं तेव्हा गौरम्मा पुट्टीला खांद्यावर थोपटत आत डोकवायची. एकदा दिसलं, मंजुश्री रंगीत ठिपक्यांच्या पानातून आकडे शोधून सांगतेय. एकदा काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेली, आवाज आला की बटण दाबतेय. एकदा छातीला, हातापायांना वायरी. मग एका पायावर उभी, डोळे मिटून, दोन्ही हात पुढं.

शेवटी डॉक्टर बाहेर आले तेव्हा गौरम्मा न राहवून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा इतकं न्हाई बघितलं."

डॉक्टर हसले, पण हातातला कागद त्यांनी मंजुश्रीच्या पुढं धरला. "डोळे, कान, छाती, सगळं उत्तम. रक्त कमी आहे. बाळंतपणात होतं असं. सहा आठवड्यांनी या."

"थोडंच कमी आहे, सर," मंजुश्री हळू आवाजात म्हणाली.

"थोडंच आहे," डॉक्टर म्हणाले. "सहा आठवडे."

परतीच्या वाटेवर गाडीनं लोहा गाव ओलांडलं. मंजुश्रीनं खिडकीकडं तोंड करून ओढणीनं डोळे पुसले. ही पोरगी कळा सोसताना ओरडली नव्हती.

"रक्तच ना? त्यात काय एवढं?" गौरम्मा म्हणाली.

"वरती हवा पातळ असती, आत्याबाई. अंगात रक्त कमी असलं की तिथं डोकं मंद चालतं. अन् ते मंद चाललंय हे आपल्याला कळत पण न्हाई. शेजारी शिकणारं पोरगं बसलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी गौरम्मानं उदगीरला फोन लावला. "अहो, मल्लेश येतोय तिकडं, त्याच्यासंगं माझी पेटी पाठवून द्या. मी दीड महिना न्हाई येत."

रक्ताचं काम गौरम्माला समजत होतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. त्यांच्या जोडीला तिनं आळिवाचे लाडू वळले, काळे मनुके रात्री भिजत घातले, शेवग्याच्या पाल्याची भाजी दिवसाआड केली, राजगिऱ्याची भाकरी थापली. गोळी घेतल्यावर चहा मागितला की, चहानं गोळी अंगी लागत नाही म्हणून, ती पातेलंच लपवायची. मंजुश्री खायची, कुरकुर न करता, औषधासारखं. दीड महिन्यानं पुन्हा नांदेडला गेल्या. साडेदहावर असलेलं रक्त बारावर गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मंजुश्रीनं मागं उभ्या असलेल्या सासूकडं बोट केलं.

आठवड्याभरात कागद आला. पात्र. मुदत एक वर्ष.

"एकच वर्ष?" गौरम्मानं विचारलं.

"माझं वय कमी म्हणून. चाळिशी झाली की माझ्यासारख्यांना दर सहा महिन्यांनी."

"बरं, असू दे. झालं ना आता? उद्यापासून जा."

"न्हाई, आत्याबाई. हे अंगाचं झालं. हाताचं राहिलं." सहा महिन्यांच्या वर विमानाला हात लावला नसेल तर लायसन्स खिशात असूनही भागत नाही, असं तिनं सांगितलं. परीक्षक येणार, शेजारी बसणार, सगळं पुन्हा करून दाखवायचं. मगच शिकवायला मोकळीक.

"सहा वर्षं चालवलंस की! मी दोन वर्षं भाकरी केली न्हाई म्हणून विसरंन का?"

मंजुश्रीनं क्षणभर विचार केला. "विसरणार न्हाई. पण पहिली भाकर करपंल."

"ते तर करपंल."

"माझी करपून चालत न्हाई."

गौरम्मानं पुट्टीला उचलून कडेवर घेतलं.

दीड महिना सरला तरी गौरम्मा लातुरातच राहिली, आणि घरात वेगळंच सुरू झालं. मंजुश्रीनं कपाटाच्या दारावर विमानाच्या पुढच्या भागाचं मोठं चित्र चिकटवलं. सगळी घड्याळं, बटणं, खटके. दुपारी पुट्टी झोपली की ती त्याच्यासमोर खुर्ची मांडून बसायची आणि डोळे मिटून हात फिरवायची. तोंडानं इंग्रजीत काहीतरी म्हणायची, इथं हात, तिथं हात. इंजिन थांबलं तर काय, आग लागली तर काय, रेडिओ गेला तर काय. गौरम्मा सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची तेव्हा तिची नजर अशीच एका जागी थांबायची. सुनेच्या मिटल्या डोळ्यांकडं बघताना तिला ती आठवण झाली. मग ती स्वयंपाकघरात भांडी वाजवायची थांबली.

परीक्षेचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी पुट्टीला दात येऊन ताप चढला. मंजुश्री तिला घेऊन येरझाऱ्या घालत होती, आणि तिचं स्वतःचंही नाक वाहायला लागलं होतं. गौरम्मानं आपल्या पिशवीतून सर्दीची गोळी काढली. "घे ही. पडून राहा जराशी." मंजुश्रीनं अर्धवट झोपेत ती गिळली.

सकाळी ताप उतरला. सगळी मिळून गाडीनं निघाली. मल्लेशनं विमानशाळेच्या फाटकाशी सोडलं आणि तो कामावर गेला. शाळा म्हणजे धावपट्टीच्या कडेला एक पत्र्याची मोठी शेड, तीन पांढरी छोटी विमानं आणि व्हरांड्यात बाकडी. विमानांच्या वेळा लिहून ठेवणारी रेणुका नावाची पोरगी तिथं टेबलाशी बसली होती. तिनं मंजुश्रीला मिठी मारली, पुट्टीचा गालगुच्चा घेतला आणि लगेच एक नळी पुढं केली. मंजुश्रीनं जोरात फुंकर मारली.

"हे काय?" गौरम्मानं विचारलं.

"दारू प्याली का ते बघतात, आजी. रोज. सगळ्यांचं."

"शिव शिव! आमच्या घरात कांदा सुद्धा सोमवारी चालत न्हाई!"

"मशीनला ते माहीत न्हाई ना, आजी," रेणुका म्हणाली.

परीक्षक कॅप्टन वैजनाथ नांदेडहून सकाळीच निघून आले होते. त्रेसष्टीचा सडसडीत माणूस, केस पांढरेशुभ्र, शर्टाला कडक इस्त्री. त्यांनी मंजुश्रीची सर्टिफिकेटं एकेक करून तारखांसकट तपासली. मग एक छापील कागद दिला. काल किती झोपलात, काही आजार, काही औषध.

मंजुश्री बाकड्यावर बसून लिहायला लागली. लिहिताना थांबली. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून तिनं मागची बारीक अक्षरं वाचली. सकाळी निघताना ती ते मुद्दाम बरोबर घेऊन आली होती, हे गौरम्माला आता दिसलं. मंजुश्रीनं पेन टेकवलं.

गौरम्मा तिच्या कानाशी वाकली. "कशाला लिहितीस? साधी सर्दीची गोळी ती. कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय ना, आत्याबाई."

तिनं लिहिलं. गोळीचं नाव, घेतल्याची वेळ, झोप तीन तास. कागद कॅप्टनच्या हातात दिला आणि सरळ उभी राहिली. "सर, या गोळीनं झोप येते. आज मी उडू शकत न्हाई."

कॅप्टननी कागद वाचला, त्यावर तारीख घालून सही केली आणि फाईल मिटली. "बारा दिवसांनी येतो."

एवढंच. ना रागावले, ना समजूत घातली. सव्वा वर्ष थांबलेली बाई, नांदेडहून आलेला माणूस, टाकी भरून उभं असलेलं विमान. आणि तीन ओळींनी सगळं थांबलं. गोळी गौरम्माची होती. ती पुट्टीला कडेवर घेऊन कॅप्टनच्या गाडीमागं जवळजवळ पळाली.

"साहेब, चूक माझी हाय. मी दिली गोळी. तुम्हाला उगी हेलपाटा पडला."

कॅप्टन गाडीचं दार धरून थांबले. "बाई, मी पंचवीस वर्षं या परीक्षा घेऊन राहिलो. विमान चालवता येणारे लई बघितले. असं लिहिणारे कमी." मग काहीतरी आठवल्यासारखं ते म्हणाले, "ते मेडिकलचं सर्टिफिकेट वर्षभराचं असतं. पण त्या दिवशी सकाळी आपण धड हाव का न्हाई, ते कुठला डॉक्टर सांगणार? ते आपलं आपल्यालाच सांगावं लागतं. मला पण."

"तुमचं पण तपासतात?"

"गेल्याच महिन्यात. डोळे, कान, हृदय, सगळं. अन् माझी पण परीक्षा घेणारा कुणीतरी असतो."

गाडी गेली. गौरम्मा फाटकाशी उभीच राहिली. तिच्या आयुष्यात तिनं पुष्कळ परीक्षा बघितल्या होत्या, त्यात माणसं काय झाकतात हेही तिला ठाऊक होतं. कागदावरची एक ओळ कोरी सोडली असती तर कुणाला कळलं असतं? अंगावर सर्रकन काटा आला. थंडीचे दिवस होते, पण तो काटा थंडीचा नव्हता.

घरी गेल्यावर तिनं पिशवीतल्या सगळ्या गोळ्या काढून सुनेच्या पुढं ठेवल्या. "यातलं काय चालतं, काय न्हाई, मला सांगून ठेव. मला इंग्लिश वाचता येत न्हाई."

बारा दिवसांनी आभाळ निळंभोर होतं. धावपट्टीच्या पलीकडं हरभरा हिरवागार, आणि त्याच्या मागं ज्वारी. मंजुश्री रात्रभर नीट झोपली होती; पुट्टीला गौरम्मानं आपल्याजवळ घेतलं होतं. नळी फुंकून झाली, कागद भरून झाला. मग मंजुश्री विमानाभोवती फिरली. पंखाखाली वाकून बघितलं, चाकाला हात लावला, तेल बघितलं, पेट्रोलचा थेंब काचेच्या नळीत घेऊन उजेडात धरला. आपलं घर नव्यानं लावताना बाई जशी एकेक वस्तू हातात घेऊन ठेवते, तशी तिची बोटं चालत होती.

विमान धावलं आणि उचललं गेलं. यस्टी जशी चढाला लागते तसं काही झालं नाही. ते आधी जमिनीवर होतं, आणि मग नव्हतं.

गौरम्मा बाकड्यावरून उठली. रेणुकाच्या टेबलावरच्या रेडिओतून आवाज येत होता. एक आवाज मंजुश्रीचा. घरात "आत्याबाई, मीठ टाकू का?" असं अडखळत विचारणारा तोच आवाज, पण आता त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. गौरम्माला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं की ही बाई घाबरलेली नाही.

"काय करून राहिली ती?"

"आता बघा, आजी. विमान मुद्दाम थकवणार. नाक वर करायचं, वेग कमी करायचा, इतका की पंख हवा सोडतात."

उंचावर ते पांढरं ठिपक्याएवढं विमान नाक वर करून थांबल्यासारखं झालं. मग एकदम पुढं पडलं. गौरम्माच्या तोंडून "अय्यो" निघालं. पतंग गोता खातो तसं ते खाली आलं आणि, कुणी हात देऊन उचलावं तसं, पुन्हा सरळ झालं. पुन्हा एकदा तेच. तिसऱ्या वेळी वळताना. दर वेळी रेडिओवर तोच सपाट आवाज.

मग बराच वेळ ते दिसेनासं झालं. आलं तेव्हा थेट डोक्यावर होतं. आणि घरघर थांबली.

थांबली म्हणजे हरभऱ्यातल्या पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला.

"रेणुका, इंजिन बंद पडलं!"

"पडलं न्हाई, आजी. सरांनी पॉवर काढून घेतली. सांगत न्हाईत आधी. आता तिनं उतरायची जागा शोधायची, बिन इंजिनाचं तिथवर आणायचं."

गौरम्मानं पुट्टीला छातीशी घट्ट धरलं. विमान गोल फिरत खाली येत होतं, घारीसारखं, पंख न हलवता. किती माणसं त्या पत्र्यात? दोन. त्यातली एक आपल्या पोराची बायको, हिची आई, जिला आपण लाडू भरवले. गौरम्माला वाटलं ओरडावं. आणि त्याच वेळी तिला ते इतकं सुंदर दिसत होतं की डोळे हलेनात. विमान आणखी खाली आलं, पंखावरचे आकडे दिसायला लागले, ज्वारीच्या कणसांवरून सावली सरकली. मग इंजिन गरजलं आणि ते वर निघालं.

पुट्टी हसली. आवाजाला हसली असेल.

शेवटचं उतरणं राहिलं होतं. मंजुश्री विमान धावपट्टीच्या रेषेत घेऊन येत होती आणि त्याच वेळी हरभऱ्यातून बगळ्यांचा एक थवा उठला. पन्नास-साठ तरी असतील. पांढरी चादर झटकावी तसे ते धावपट्टीवर आडवे पसरले. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. रेणुकासुद्धा खुर्चीतून उठली. गौरम्मानं डोळे मिटायचे ठरवले पण मिटले नाहीत. विमानाचं नाक वर झालं, आवाज वाढला, एका बाजूला हलकेच वळून ते थव्यापासून लांब वर गेलं. रेडिओवर मंजुश्रीचा आवाज आला, दोन शब्द.

"काय म्हणाली?"

"पुन्हा येते म्हणाली."

पाच मिनिटांनी ती आली. चाकं टेकली तेव्हा नुसती धूळ जराशी उडाली.

खाली उतरल्यावर कॅप्टन आणि मंजुश्री खोलीत बसले ते तासभर. दार उघडं होतं. कॅप्टन तिच्या चुका सांगत होते, दुसऱ्या वळणाला उंची शंभर फूट घसरली, अमुक जागी नजर उशिरा गेली. आणि मंजुश्री मान डोलावत लिहून घेत होती. गौरम्माला वाटलं, नापास झाली. तिनं दारात जाऊन विचारलंच.

"पास झाल्या," कॅप्टन म्हणाले. "केव्हाच."

"मग ही बोलणी कशाला?"

"पास झाल्या म्हणूनच, बाई. उद्यापासून शेजारी लेकरं बसणार." मग पेनचं टोपण लावत ते म्हणाले, "बगळे माझ्या यादीत नव्हते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विमान उचललं होतं."

मंजुश्री बाहेर आली. शर्ट पाठीला चिकटलेला, केस कपाळावर. तिनं पुट्टीला घ्यायला हात पुढं केले, आणि गौरम्मानं पुट्टीला देण्याआधी तिचे ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. उलटसुलट करून बघितले. साधे हात होते. अंगठ्याजवळ मागच्या आठवड्यात तव्याचा चटका बसल्याची खूण होती.

"भूक लागली का?" एवढंच तिला विचारता आलं.

"लई," मंजुश्री म्हणाली.

दुपारी जेवणं झाल्यावर गौरम्मानं उदगीरला फोन लावला. मोंढ्यात गलका चालला होता, बसवंतअप्पाला ओरडून बोलावं लागत होतं.

"काय झालं पोरीचं?"

"पास झाली."

"मग बोलत का न्हाईस? रडून राहिलीस का?"

गौरम्मा खिडकीशी उभी होती. इतक्या मोठ्या गोष्टीला कुठून सुरुवात करावी, तिला समजेना. बगळ्यांपासून? का त्या कागदावरच्या तीन ओळींपासून?

"तुम्ही दुकान बंद करून या," ती म्हणाली. "असं फोनवर न्हाई सांगता यायचं. बसून ऐकावं लागंल."

"दुकान बंद करून? भर सीझनात?"

"हाव," गौरम्मा म्हणाली. "आजच या."